चार चकत्या, सुस्थितीत

कोणतीही पोकळ वस्तू घडवायची, तर आधी एखादी भरीव वस्तू कामी यावी लागते, हा सृष्टीचा नियम आहे. (संस्था, समित्या आणि सत्कार यांनाही तो लागू आहे, पण तो स्वतंत्र शोधप्रबंधाचा विषय झाला.) डॉ. दिपेश घरत यांच्या बाबतीत ही पोकळ वस्तू म्हणजे पॉलिमरची नळी होती, आणि ती निघाली तर आपल्या पदरात काय काय पडेल याचा हिशेब त्यांनी नळीच्या आधीच तयार ठेवला होता. एक, रसायनशास्त्राचं विभागप्रमुखपद. दोन, दार असलेली केबिन. (सध्याच्या केबिनला पडदा होता, आणि पडद्यावर टकटक करता येत नसल्यामुळे लोक सरळ आत येत.) तीन, पार्किंगमध्ये पत्र्याखालची जागा. चार, जासईच्या सासऱ्यांचं तोंड बंद. सासऱ्यांचे बाकीचे दोन्ही जावई कंटेनर यार्डात ट्रेलर लावून तीन-तीन मजले चढवून बसले होते, आणि घरातल्या दर हळदीला सासरे चारचौघांत विचारत, "आमचे डाक्टर जावई काय बनवतान?" 'नॅनो' असं उत्तर दिलं की मांडवात शांतता पसरे. ती आदराची नसे.

डॉ. घरत ज्या खाडीमाता ज्ञानप्रसारक संस्थेच्या महाविद्यालयात शिकवत, ते कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या मागे आहे. तिथे तास ट्रेलरच्या हॉर्नमध्ये होतात, त्यामुळे ध्वनीचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. संस्थेचे अध्यक्ष नामदेवशेठ हे द्रष्टे गृहस्थ. वाडवडिलांची भातशेती शहराच्या पोटात गेली तेव्हा मोबदल्याच्या भूखंडावर काय उभारावं, याचा त्यांनी सखोल विचार केला. मंगल कार्यालयाला वर्षातून मोजके मुहूर्त; शिक्षणाला बाराही महिने मुहूर्त. म्हणून त्यांनी महाविद्यालय काढलं. (सभागृहात लग्नंही होतात. विद्या आणि संसार यांची फारकत संस्थेने कधी होऊ दिली नाही.)

त्या वर्षी मूल्यांकन समिती यायची होती. समितीच्या तक्त्यात 'अत्याधुनिक संशोधन' असा एक रकाना असतो. ऐरोलीकडच्या एका महाविद्यालयाने त्या रकान्यात ड्रोन उडवून वरची श्रेणी पटकावली होती. नामदेवशेठनी डॉ. घरतांना बोलावून घेतलं.

"ड्रोनच्या वरती काय हाय?"

"नॅनो, शेठ."

"त्यो किती वर उडतो?"

"उडत नाही शेठ. दिसतच नाही."

नामदेवशेठ विचारात पडले. जी वस्तू दिसत नाही ती गंजत नाही, चोरीला जात नाही आणि तिला वॉचमन लागत नाही. "बरा हाय," ते म्हणाले. "करा. पन समिती यायच्या आदी निंगाली पायजे. उद्घाटन मी करनार."

नळी काढण्याचं प्रत्यक्ष काम प्रियदर्शिनी कणसे हिच्याकडे होतं. ती डॉ. घरतांकडे पीएच.डी. करत होती. मूळची माणसं साताऱ्याकडची. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. मार्गदर्शकांनी तिचा विषय दोनदा बदलला होता: आधी सौरऊर्जा, मग जलशुद्धीकरण, आणि आता हवा बदलल्यामुळे नॅनो. तेवढ्यात नोंदणीची मुदतही दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा वाढत नाही. जूनअखेर प्रबंध दाखल झाला नाही, तर विद्यापीठाच्या लेखी तिने इतकी वर्षं काहीच केलेलं नसणार होतं. इकडे वडिलांनी कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर 'पोरगी डाक्टर होतीय' असं जाहीर करून टाकल्यामुळे हमाल मंडळी तिला आत्तापासूनच गुडघे दाखवत. ती म्हणे, "काका, मी त्यातली डॉक्टर नाही." ते म्हणत, "अजून झाली न्हाईस, म्हाईत हाय. पर बघ तरी."

नळीची कृती कोणाही सुगरणीला समजेल अशी आहे. अ‍ॅल्युमिनाची एक पांढरी चकती घ्यायची. दहाच्या नाण्याएवढी, पापडाहून पातळ. तिच्यात आरपार कोट्यवधी छिद्रं असतात, आणि एकेक छिद्र केसाच्या जाडीच्या चारशेव्या हिश्श्याएवढं. (छिद्रं कारखान्यातूनच पाडून येतात. संस्थेला फक्त बिल येतं.) चकती पायरोल नावाच्या द्रवात भिजवायची आणि मग फेरिक क्लोराइडच्या पाण्यात सोडायची. जुन्या पाइपात आतून क्षार धरतो, तसा छिद्रांच्या भिंतींवर पॉलिमरचा काळा थर धरतो. शेवटी चकती कॉस्टिक सोड्यात टाकायची. चकती विरघळून जाते आणि थर तेवढा नळ्या होऊन मागे उरतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत साचा जपतात आणि मूर्तीचं विसर्जन होतं. इथे मूर्ती जपायची आणि साच्याचं विसर्जन करायचं. एवढाच काय तो फरक.

या एवढ्याशा फरकावर भांडारप्रमुख हौसेराव फडतरे यांची नजर पडली.

हौसेराव हा माणूस प्रामाणिक होता, आणि संस्थेला त्यावर उपाय सापडला नव्हता. महाविद्यालयातली प्रत्येक टिकाऊ वस्तू ते डेड स्टॉकच्या वहीत (शासकीय मराठीत जडसंग्रह) चढवत आणि तिच्यावर पिवळ्या ऑइल पेंटने नंबर टाकत. बाकं, पंखे, घंटा, घंटेचा हातोडा, जीवशास्त्र विभागातला सांगाडा (कवटीवर एक आणि धडावर एक, कारण मान सुटते). आता चकती ही खर्ची पडणारी वस्तू. पण खर्ची वस्तूंची त्या वर्षीची तरतूद स्नेहसंमेलनात धुराच्या मशीनवर खर्ची पडली होती. म्हणून चारही चकत्या 'उपकरणे' या सदरातून आल्या. उपकरण म्हटलं की डेड स्टॉक आला, आणि डेड स्टॉक म्हटला की नंबर.

नंबर होता 'खाज्ञासं/रसा/चकती/१'. हौसेरावांकडचा सगळ्यांत बारीक ब्रश पंख्याच्या पात्याचा. पहिल्या चकतीवर नंबर 'रसा'पर्यंतच बसला आणि ओघळला. तो त्यांनी पुसला, पुन्हा काढला, पुन्हा ओघळला. शेवटी एक अख्खी बाजू पिवळी करून त्यावर काळ्या शाईने नंबर घातला. एकसारखेपणा असावा म्हणून बाकीच्या तिन्हींचंही तेच केलं.

प्रियदर्शिनीने चकत्या पाहिल्या आणि त्या तशाच घेऊन ती भांडारात गेली.

"काका, अहो काय केलंत हे? छिद्रं बुजली सगळी!"

"कुठं हायत छिद्रं?" हौसेरावांनी चकती उजेडाला धरली.

"ती डोळ्यांना दिसत नाहीत."

"मग बुजली कशावरनं?"

प्रश्न मार्गदर्शकांपुढे गेला. डॉ. घरतांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि मार्गदर्शन केलं. "एक बाजू मोकळी आहे ना? मग टेन्शन कशाला घेतेस? भिजव."

तिने भिजवल्या. थर धरला. चकत्या एका अंगाने काळ्या आणि दुसऱ्या अंगाने पिवळ्या झाल्या. कॉस्टिक सोड्याचं पात्र तयार करून ती चिमटा उचलणार, तोच हौसेराव प्रयोगशाळेच्या दारात.

"डेड स्टॉकची वस्तू इरघळायची न्हाय."

"हौसेराव, विरघळल्याशिवाय नळी कशी निघणार?" डॉ. घरत म्हणाले.

"ते तुमचं शास्तर. आडिट आलं की वस्तू दावावी लागती. म्या काय दावू, वाटीभर पानी?"

मार्ग नव्हता असं नाही. नियमात वस्तूच्या निर्लेखनाची, म्हणजे ती वहीतून कमी करण्याची, तरतूद आहे आणि ती सोपी आहे. वस्तू निरुपयोगी झाल्याचा दाखला लागतो. दाखल्यासाठी ती मोडलेली असावी लागते. मोडली असेल तर कोणी मोडली याची चौकशी होते. चौकशीत मोडणारा निर्दोष ठरला, म्हणजे ती मोडलीच नव्हती असं ठरलं, तर प्रकरण पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. दोषी ठरला तर निर्लेखन समितीपुढे जातं. (समिती वर्षातून एकदा बसते, गेल्या वर्षी गणसंख्येअभावी उभ्यानेच तहकूब झाली.) त्यानंतर भंगाराचा जाहीर लिलाव, किमान तीन बोली. डॉ. घरतांनी वेळ वाचवण्यासाठी बाजारातला एक भंगारवाला आधीच बोलावून ठेवला. त्याने रोज टनांनी लोखंड उचललेलं. चकती तळहातावर घेऊन तो म्हणाला, "सायब, ह्याचा काटा कुठला?" चहा घेतला आणि गेला. इतिवृत्तात याची नोंद 'पहिला प्रतिसाद उत्साहवर्धक' अशी आहे.

अखेर तोडगा डॉ. घरतांनीच काढला. चकत्या विद्यार्थिनीच्या ताब्यात द्यायच्या. एकदा त्या तिच्या ताब्यात गेल्या की भांडाराचा संबंध संपला आणि विभागाचाही. 'सदर चार चकत्या मला सुस्थितीत मिळाल्या असून मागणी होताच सुस्थितीत परत करीन' अशा मजकुराखाली प्रियदर्शिनीने सही करायची होती.

"सर, पण त्या तर मी आत्ता विरघळवणार आहे."

"फॉर्मॅलिटी आहे गं. मी आहे ना!"

('मी आहे ना' म्हणणारा माणूस वेळ आल्यावर जागेवर सापडण्याचं प्रमाण शंभरात अकरा आहे. पैकी नऊ जण त्या वेळी फोनवर असतात. ही पाहणी विभागाच्या कँटीनमध्ये समोशाच्या वेळी झाली असल्यामुळे तिला थोडी कमी-जास्त सूट द्यावी.)

तिने सही केली. हौसेरावांनी कागद फुंकर मारून वाळवला आणि खिडकीकडे तोंड केलं. चकत्या विरघळल्या, पेंटचे पापुद्रे सुटून तरंगले, आणि तळाशी चिमूटभर काळी पूड उरली. ती पूड म्हणजे कोट्यवधी नळ्या.

संस्थेकडे एवढं बारीक दाखवणारा सूक्ष्मदर्शक नाही. (प्रस्ताव होता, त्याच्याऐवजी दोन वातानुकूलित बस आल्या.) फोटो बाहेरून काढून आणावे लागले. फोटोत एक चमत्कार दिसला. प्रत्येक नळी एका टोकाला बंद होती, इवल्याशा परीक्षानळीसारखी. प्रियदर्शिनीच्या लगेच लक्षात आलं की हा पिवळ्या पेंटचा प्रताप. बुजलेल्या तोंडाशीही थर धरला होता आणि त्याचंच बूड झालं होतं. डॉ. घरतांच्याही लगेच लक्षात आलं. पण त्यांच्या लक्षात आलं ते असं, की हे नवीन आहे. बूड असलेल्या नळीत औषध भरता येईल. नळी शरीरात सोडता येईल. शोधनिबंध प्रियदर्शिनीने पंधरवड्यात लिहिला. त्यात पेंटचा उल्लेख 'पृष्ठभागाचे एकतर्फी पीत आवरण' असा येतो. लेखकांमध्ये प्रथम नामदेवशेठ (प्रेरणा), मग प्राचार्य (परवानगी), मग डॉ. घरत (मार्गदर्शन), आणि चौथी प्रियदर्शिनी (इतर कामे). वास्तविक संस्थेच्या इतिहासातला हा एकमेव मूळ शोध हौसेरावांच्या ब्रशाने लावला होता. त्यांचंही नाव घालू म्हटल्यावर ते ताडकन उठले. "नगं. नाव आलं की जबाबदारी येती." तळटिपेतल्या आभारांनाही त्यांनी लेखी हरकत घेतली.

समिती आली त्या दिवशी गेटवर फ्लेक्स लागला होता. त्यावर नळी आठ फुटांची आणि नामदेवशेठ नऊ फुटांचे, शास्त्रीय प्रमाण सांभाळून. खाली हात जोडलेले अकरा शुभेच्छुक. प्रयोगशाळेत मखमली उशीवर काचेची कुपी ठेवली होती. नामदेवशेठनी फीत कापली, नारळ वाढवला, कुपीला हळदकुंकू वाहिलं आणि वाकून आत पाहिलं.

"ही नली? ही तं काजली हाय!"

"शेठ, हसा," डॉ. घरत कुजबुजले. "फोटो काढतायत."

समितीतल्या एका सदस्यांनी उपयोग विचारला. औषध वाहून नेता येईल, असं डॉ. घरत म्हणाले. "नेलंत?" सदस्यांनी विचारलं. "भविष्यात," डॉ. घरत म्हणाले. सदस्यांनी 'भविष्यवेधी' असं लिहून घेतलं. जेवणात जिताडा माशाचं कालवण होतं. श्रेणी ए-प्लस आली.

डॉ. घरतांच्या हिशेबातली चारही कलमं मे महिन्याच्या आत वसूल झाली. केबिनला दार बसलं. (हौसेरावांनी त्यावर नंबर टाकला.) गाडी पत्र्याखाली गेली. सासऱ्यांनी तर फ्लेक्सचा फोटो मागवून घेऊन देव्हाऱ्याशेजारी लावला, आणि ट्रेलरवाल्या जावयांना विचारलं, "तुमाना आठ फुटी नली काराला जमल का?"

प्रियदर्शिनीने प्रबंध बांधून घेतला. काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. आता विद्यापीठात दाखल करण्याआधी फक्त 'नो ड्यूज' दाखला हवा होता, म्हणजे महाविद्यालयाचं काही देणं नाही असा. ग्रंथालयाने सही दिली. जिमखान्याने दिली. ज्या वसतिगृहात ती कधी राहिली नव्हती त्यानेही, पंखा बंद केल्याची खात्री करून, दिली. राहिलं भांडार.

"चार चकत्या?" हौसेराव म्हणाले.

"काका, त्या विरघळल्या ना. तुमच्यासमोर!"

"माज्यासमोर न्हाय. म्या तवा खिडकीकडं बघत हुतो."

"अहो, माझ्या प्रबंधात छापलंय. हे बघा, 'चकती कॉस्टिक सोड्यात पूर्णपणे विरघळवण्यात आली.'"

हौसेरावांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग चष्मा काढला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "पोरी, ही तर लेखी कबुली झाली."

म्हणजे असं, की प्रबंध खरा असेल तर चकत्या नाहीत, आणि चकत्या नाहीत तर प्रबंध दाखल होत नाही. चकत्या असत्या तर दाखला लगेच मिळाला असता. पण मग नळ्या नसत्या आणि दाखल करायला प्रबंध नसता. नियमात कुठेही चूक नव्हती. प्रियदर्शिनी रात्रंदिवस तेच शोधत होती.

शेवटी वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली आणि तिने तशाच चार चकत्या मागवून भांडारात आणून दिल्या. हौसेरावांनी त्या आनंदाने घेतल्या. त्यांना पिवळा रंग दिला आणि नंबर टाकले: ५, ६, ७, ८.

"काका, ह्या १ ते ४ च्या बदल्यात आहेत!"

"नव्या वस्तूवर जुना नंबर? आगं, ती लबाडी हुती. आजपातुर क्येली न्हाय, रिटायर व्हताना करू?"

नव्या चकत्यांची नोंद देणगी म्हणून झाली. प्रियदर्शिनीला अध्यक्षांच्या सहीचं आभारपत्र मिळालं, 'माजी विद्यार्थिनी' असा उल्लेख असलेलं. जुन्या चार येणं बाकीच राहिल्या.

ती डॉ. घरतांकडे गेली. दारावर टकटक केली.

"अगं, मला कळतंय," डॉ. घरत म्हणाले. "पण मी हौसेरावांना आदेश दिला, तर उद्या ऑडिट मला विचारणार, चकत्या कुठे. मी निर्लेखन समितीला पत्र लिहितो ना. सप्टेंबरात बसतेय."

"सर, माझी मुदत जूनला संपतेय."

"हो ना, तेच."

"तुम्ही म्हणाला होतात, मी आहे ना."

"आहेच की," डॉ. घरत म्हणाले. ते होतेच. टेबलाच्या पलीकडे, नव्या खुर्चीत.

घरी बायकोने, नमिताने, जेवताना विचारलं, "त्या पोरीचा काय झाला?"

"प्रोसेसमदी हाय."

"तुमची प्रोसेस बरी दोन म्हयन्यान झाली. दार पन बसला."

"तू डाल वाढ."

डॉ. घरत संवेदनशील असल्यामुळे त्या दिवशी त्यांनी भात कमी घेतला. (एक मूद.) दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रियदर्शिनीला स्वतःच्या लेटरहेडवर उत्तम वर्तणुकीचा दाखला दिला. जून संपला. विद्यापीठाने नोंदणी रद्द केल्याचं पत्र साध्या टपालाने पाठवलं. मार्केटात वडिलांनी 'पेपर अवघड निघाला' असं सांगितलं आणि ते पोती उचलायला लागले.

संस्था निष्ठुर नाही. जुलैत प्रवेश सुरू झाल्यावर तिने प्रियदर्शिनीला चौकशीच्या टेबलावर कंत्राटी नेमणूक दिली. तिथेच तुमची-तिची भेट झाली. तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही मुलाला घेऊन आला होतात, गेटवर ए-प्लस वाचलं होतं, आठ फुटी नळीसमोर त्याला उभं करून फोटोही काढला होता. टेबलाशी येऊन तुम्ही विचारलंत, "ते नॅनोचं नक्की काय आहे हो?" ती सांगायला लागली. चकती, छिद्रं, थर. चांगलं सांगत होती. तुमचा मुलगा मोबाइल खाली ठेवून ऐकत होता. तेवढ्यात तुम्ही तिला थांबवलंत.

"मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही."

"मग कोणी डॉक्टर असतील तर त्यांच्याशी बोलू दे. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

तिने डॉ. घरतांच्या केबिनच्या दाराकडे बोट दाखवलं.

तेव्हा अखेरचा ताळेबंद असा. विभागप्रमुखपद आणि सावलीतली गाडी डॉ. घरतांकडे जमा. श्रेणी संस्थेकडे जमा. हौसेरावांच्या वहीवर ऑडिटने एकही शेरा मारला नाही. नव्या चार चकत्या प्रियदर्शिनीने भरल्या. जुन्या चार आजही तिच्या नावावर, वहीनुसार सुस्थितीत, आहेत. राहिला दाराचा, फ्लेक्सचा, नारळाचा आणि जिताड्याचा खर्च. तो तुम्ही मुलाच्या फीतून भरलात. एकरकमी भरलात, कारण "हप्ते करून देऊ का?" असं तिने विचारलं, तेव्हा तुम्ही तिच्याशी बोलत नव्हतात.